मागच्या गेटपाशी पेढे कोणी ठेवले होते?

रश्मी (बी-५०४), स. ६.५०
काल संध्याकाळी मागच्या गेटपाशी पेढे कोणी ठेवले होते ते प्लीज आत्ताच्या आत्ता सांगा. फिरवताना बर्फीने एक गट्टकन गिळला, मी ओढेपर्यंत संपला पण. साडेअकरापासून तिचे मागचे पाय लटपटतायत, लाळ गळतेय, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्यात आणि समोर हात नेला तरी पापणी हलत नाही. रात्रभर दवाखान्यात आहोत. डॉक्टर सारखं विचारतायत पोटात काय गेलंय.

सुलभा काकू (ए-४०३), ६.५८
शुभ सकाळ. आज संकष्टी. चंद्रोदय ९.०४.

पाटील काका (सी-३०२), ७.०१
गेटजवळ कुत्र्यांना खायला घालणे तात्काळ बंद करावे ही मागणी मी मार्चपासून लेखी करत आहे. पत्राचा फोटो पुन्हा टाकतो.

अभय (बी-१०३), ७.०३
काका माणसांना घातलं तर चालेल का, आम्हाला पेढा आलाच नाही

रश्मी, ७.०३
अभय प्लीज.

अभय, ७.०४
सॉरी गं. कशी आहे आता?

जोगळेकर सेक्रेटरी, ७.१०
ज्यांनी ठेवले त्यांनी कृपया पुढे यावे. कोणावरही कारवाईचा हेतू नाही.

पाटील काका, ७.१०
हेतू का नाही?

मीनाताई (ए-१०१), ७.१८
मी ठेवले. चोरून नाही ठेवले. काळू आणि लंगडी खरजेने नुसती सोलून निघालीत, येताजाता सगळ्यांना दिसतंय, नाकाला रुमाल लावून जायचं एवढंच ते. डॉक्टरांना विचारूनच आयव्हरमेक्टिनची ६ मिलिग्रॅमची एकेक गोळी पेढ्यात घालते. समोर उभी राहून खायला घालते पण काल लंगडी आली नाही आणि तेवढ्यात मला फोन आला. पण रश्मी एका गोळीने काही होत नसतं गं, काळू बर्फीपेक्षा लहान आहे आणि तिसरी गोळी खाऊन मजेत फिरतोय, तिला दुसरं काहीतरी झालं असेल.

रश्मी, ७.१९
आयव्हरमेक्टिन. बरं. सांगते त्यांना.

अभय, ७.२१
ही ती कोविडवाली ना? २०२१ मध्ये आमच्या बाबांनी घेतली होती, काही झालं नाही

केतकी (डी-२०१), ७.२४
रश्मीताई बर्फी रफ कॉली आहे ना, जातीची, हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा आणि वजन पण सांगा!! एमडीआर१ म्हणा, त्यांना कळेल. कॉलीला हे औषध झेपत नाही. मी कॉल करते.

केतकी, ७.४५
बोलले. वजन २४ किलो, म्हणजे किलोला २५० मायक्रोग्रॅम गेलंय. काळूसाठी हा डोस बरोबरच आहे मीनाताई, तुमचं त्यात चुकलं नाही. पण जीनमध्ये दोष असलेल्या कॉलीला किलोला १०० च्या पुढे गेलं की विषबाधा होते. हार्टवर्मसाठी, म्हणजे हृदयातल्या जंतांसाठी, महिन्याला देतात ते फक्त ६ असतं, तेवढं कॉलीला पण चालतं. हे त्याच्या चाळीसपट.

अभय, ७.४७
पण असं का, कुत्रा तो कुत्रा ना

केतकी, ७.५५
मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक पंप असतो, पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रोटीन, ते असली औषधं आत शिरायला लागली की परत रक्तात ढकलतं. तो पंप बनवायचा जीन म्हणजे एमडीआर१. कॉलीत त्या जीनमधली चार अक्षरं गळालेली असतात, मग पंप अर्धवटच बनतो आणि काहीच कामाचा नसतो. औषध थेट मेंदूत. साधारण दहा कॉलींत सात जणांत हा खराब जीन असतो.

अभय, ७.५६
म्हणजे आपला मागच्या गेटचा वॉचमन. पगार चालू, कोणीही आत

जोगळेकर सेक्रेटरी, ७.५८
वॉचमनचा विषय एजीएममध्ये झालेला आहे. इथे नको.

पाटील काका, ७.५९
झालेला नाही. पुढे ढकललेला आहे. तसेच गेटजवळ खायला घालणे बंद करावे. (पत्राचा फोटो)

निंबाळकर (सी-७०४), ८.०६
आमचा टायगर पण काल तिकडेच होता, त्याचं पोट सकाळपासून बिघडलंय. आपली माणसांची जुलाबाची लोपरामाइड अर्धी देतोय आत्ता

केतकी, ८.०६
थांबा!!!! देऊ नका. हा जीन खराब असला की न झेपणाऱ्या औषधांची यादीच आहे, त्यात तीपण आहे. जर्मन शेफर्डमध्ये दहात एकाला हा खराब जीन असतो.

निंबाळकर, ८.०९
दिली नाही. हातातच होती. पण मला एक सांग, कॉली, शेफर्ड ही मेंढरं राखणारी कुत्री ना, आमच्या फलटणकडे धनगरांची कुत्री पिढ्यानपिढ्या मेंढरामागं आहेत, त्यांना पण असतं का मग?

केतकी, ८.१४
मेंढरं राखण्याशी संबंध नाही काका, रक्ताशी आहे. १९ व्या शतकात ब्रिटनमध्ये एक कुठलातरी कुत्रा होता, त्याचा हा वारसा कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यात उतरला. ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये तर निम्म्यांत सापडतो. आणि बॉर्डर कॉली नावाला कॉली, रात्रंदिवस मेंढरामागे, पण तिच्यात क्वचितच. आपल्या धनगरी कुत्र्याचं कॉलीशी नातंच नाही. काळूचंही नाही म्हणून तो टुणटुणीत. रस्त्यावरच्या कुत्र्यात कॉलीचं रक्त मिसळलं असेल तर मात्र सांगता येत नाही.

मीनाताई, ८.२०
मग मला हे कोणी सांगायचं होतं? चार वर्षं स्वतःच्या पैशाने करतेय. भटक्या कुत्र्यांसाठीच्या सरकारी एबीसी रूल्स २०२३ मध्ये खायला घालायची जागा सोसायटीने ठरवून द्यायची असं आहे, ती दिली असती तर मी गेटपाशी कशाला उभी राहिले असते

पाटील काका, ८.२२
उभ्या नव्हतात, हाच मुद्दा आहे.

सुलभा काकू, ८.२५
बर्फीला एरंडेल द्यावं का? आमच्याकडे पूर्वी द्यायचे

केतकी, ८.२६
काहीही देऊ नका काकू.

रश्मी, दु. १.४०
आत्ता पूर्ण आडवी आहे. हाक मारली तरी कान हलत नाही. सलाइन चालू आहे, कोळशाचं औषध नळीने देतायत. उतारा नाही म्हणाले यावर, औषध शरीरातून जाईपर्यंत तिला नुसतं सांभाळायचं, दिवस लागतील किंवा आठवडे.
केतकी, एक विचारायचं होतं. दिवाळीत फटाक्यांना घाबरते म्हणून आम्हाला ॲसिप्रोमॅझिन दिलेलं. दीड दिवस उठली नव्हती. तू म्हणालीस त्या यादीत ते पण आहे का?

केतकी, १.४४
आहे.

रश्मी, १.४५
तेव्हा याच ग्रुपवर सगळ्यांनी तिचा कुंभकर्ण म्हणून फोटो फिरवला होता. मी पण हसले होते.

अभय, १.५१
मीच केलेलं ते मीम

निंबाळकर, १.५८
पण एवढ्या डॉक्टरांना हे माहीत कसं नसतं

केतकी, २.१०
आम्हाला परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकवतात. कॉलीला आयव्हरमेक्टिन झेपत नाही हे १९८३ पासून माहीत आहे, का ते २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत सापडलं. तिकडच्या डॉक्टरांत तर म्हणच आहे, कॉलीसारखे पाय पांढरे दिसले की औषध आवरा. पण इथे दिवसभरात गावठी, लॅब आणि पगच जास्त, कॉली वर्षात एखादी येते मग विसरतंच माणूस. गालाच्या आतून कापूस फिरवून टेस्ट होते, कॉली घेणाऱ्याने पहिल्या महिन्यात करून घ्यावी, आणि कॅन्सरची व्हिन्क्रिस्टिन वगैरे द्यायची वेळ आली तर त्याआधी नक्कीच.

पाटील काका, २.१५
गेटजवळ खायला घालणे (पत्राचा फोटो)

अभय, २.१६
काका तो फोटो आता डीपीच ठेवा

(पाचव्या दिवशी)

रश्मी, स. ९.०५
आज मान उचलली. आवाजाच्या दिशेने बघते, दिसतंय की नाही कळत नाही.

केतकी, ९.०६
मस्त!!! दिसेल हळूहळू.

सुलभा काकू, ९.१५
गणपतीला २१ दूर्वा वाहिल्या होत्या हो

(तेराव्या दिवशी)

रश्मी, सायं. ५.३०
बर्फी घरी आली. जिना चढवत नाही, लिफ्टने आणली. रिपोर्ट पण आला, आईकडून एक आणि बापाकडून एक, दोन्ही जीन खराब आहेत. यादी प्रिंट करून तिच्या फाइलला आणि फ्रिजवर लावली आहे.

पाटील काका, ५.३४
कुत्रा लिफ्टमध्ये नेण्याबाबतचे माझे फेब्रुवारीचे पत्र पाहावे.

निंबाळकर, ५.३५
अहो पाटील

जोगळेकर सेक्रेटरी, ५.५०
कमिटीने पंपरूममागची जागा खायला घालण्यासाठी ठरवली आहे. औषध असलेले खाणे खाली ठेवून जाऊ नये.

मीनाताई, ६.०२
देव पावला. रश्मी, दवाखान्याचं निम्मं बिल मी देते, किती झालं सांग.

रश्मी, ६.२०
पैसे नकोत मीनाताई. फक्त खाऊन होईपर्यंत उभ्या राहत जा.

मीनाताई, ६.२१
उभीच असते गं मी. त्या दिवशी फोन आला होता.

रश्मी, ६.४०
हो. वाचलं होतं ते.