मदत हवी आहे: मतदारसंघांच्या सीमा बदलल्याने निकाल फिरतो का, हे मोजायचं कसं?

आमच्याकडे गोव्यात विधानसभेच्या ४० जागा, मतदारसंघ एवढेसे, की २०२२ ला सांत आंद्रेत फरक फक्त ७६ मतांचा, म्हणजे एक वाडा (वस्ती) इकडचा तिकडे टाकला तरी आमदार बदलेल ना?

नवीन सीमांवर पहिली विधानसभा झाली २०१२ ला, म्हणून २००७ आणि २०१२ चे निकाल एक्सेलमध्ये समोरासमोर लावून बसलो, पण सत्तापालट तेव्हाच झाला आणि त्यात भाजप-मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) युती, खाणींचा राग सगळंच मिसळलेलं. लोकसभेचे विधानसभावार आकडेही बघितले, उपयोग शून्य. बूथवार फॉर्म २० (प्रत्येक बूथवरच्या मतांचा निकालतक्ता) माहीत आहे, पण बूथचे नंबरच बदललेत.

जुने बूथ नव्या सीमांत बसवायचे तर गावांची यादी धरू की मतदारयादीचे भाग?