बॉयलरचा काटा शून्यावर: तुमचे अनुभव लिहा

थेम्सकाठचा
मंडळी, ऑक्टोबर सरत आला की इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर फराळाच्या फोटोंच्या जोडीला एक हमखास फोटो येतो. बॉयलरचं बूड, त्यावरचा पाण्याच्या दाबाचा गोल काटा, आणि खाली प्रश्न: "लाल पट्ट्यात गेलाय, कुणाला काही कळतंय का?" उन्हाळाभर बंद असलेलं हीटिंग पहिल्यांदा लावताना हे बऱ्याच घरी होतं. दर वर्षी तीच उत्तरं टंकण्यापेक्षा इथे एकदाच साठवू. घर कुठलं, काय झालं, कशाने सुटलं, एवढं लिहा. गॅसचा वास येत असेल तर मात्र इथे लिहीत बसू नका. खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि 0800 111 999 ला फोन लावा.

माझ्यापासून सुरुवात करतो. भाड्याचा फ्लॅट, कॉम्बी बॉयलर (रेडिएटर तापवणारा आणि नळाला गरम पाणी देणारा एकच). बॉयलर गार असताना काटा 1 ते 1.5 बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) दरम्यान हवा, आमचा अर्ध्याच्याही खाली. बॉयलरखाली चंदेरी विणीची नळी असते, तिला फिलिंग लूप म्हणतात. तिच्या टोकांना दोन कॉक. बॉयलर बंद करून निवू दिला, दोन्ही कॉक अगदी सावकाश उघडले, पाणी शिरल्याचा 'सूंऽऽ' आवाज झाला, काटा सव्वावर येताच दोन्ही बंद. मग रीसेट. काही कॉकना दांडी नसते, नुसती खाच असते, तिथे स्क्रू ड्रायव्हर लागतो.

नर्मदा_लीड्स
आमच्याकडे रेडिएटर खाली गरम, वर गार. म्हणजे आत हवा. चावीने ब्लीड केला, हवा फुसफुसून गेली, पाण्याचा थेंब दिसताच चावी आवळली. लगेच काटा खाली! ह्यांना वाटलं काहीतरी मोडलं. मोडलं काही नाही, हवा गेली तर प्रेशर उतरणारच. आधी सगळे रेडिएटर ब्लीड करा, पाणी शेवटी भरा. खाली जुना टॉवेल धरा, आतलं पाणी काळंकुट्ट असतं आणि कार्पेटवरचा डाग जात नाही.

वैतागलेली_वहिनी
वरचे दोघे सुखी आहेत. आमच्याकडे रेडिंगला भरून झालं की दोन-चार दिवसांत काटा पुन्हा शून्य. भाचा म्हणे, "मामी, भरत राहायचं." अरे, पण पाणी जातंय कुठे?

उत्तर घराच्या मागच्या भिंतीवर होतं. बॉयलरमधून एक बारीक तांब्याची नळी बाहेर येऊन भिंतीकडे वळलेली असते. तिच्याखालची वीट ओली होती, हिरवट ओघळ आलेला. मग मी काट्यावर पाळत ठेवली. गार असताना 1.2. हीटिंग लावल्यावर चढत चढत जवळजवळ 3. तिथे सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेर टाकतो. रात्री सगळं निवलं की काटा तळाला.

गॅस सेफ (गॅसची कामं करणाऱ्यांची इथली अधिकृत यादी) नोंदणीचा माणूस आला. (कार्ड मागून पाहायचं, भिडेखातर सोडायचं नाही.) तो म्हणाला, पाणी तापलं की फुगतं, आणि त्या फुगण्याला जागा द्यायला आत एक्स्पान्शन वेसल असतं. मधे रबरी पडदा, एका अंगाला हवा, दुसऱ्याला पाणी. हवा नुसती कमी झाली असेल तर सिस्टिमचं प्रेशर उतरवून, सायकलच्या ट्यूबसारख्या व्हॉल्व्हमधून पंपाने भरता येते. त्याने त्या व्हॉल्व्हची पिन दाबली, तर हवेऐवजी पाणी आलं. पडदा फाटलेला. वेसल बदललं. सेफ्टी व्हॉल्व्हही बदलला, कारण तो एकदा उघडला की बरेचदा पुन्हा नीट बसत नाही, ठिबकत राहतो. तेव्हापासून काटा हलला नाही.

सायकलवाला_आइंडहोवन
नेदरलँड्समध्ये बऱ्याच घरांत कायमची नळी नसते. वॉशिंग मशीनच्या नळाला रबरी नळी लावून भरायचं, 1.5 ते 2 बारपर्यंत. आधी बॉयलरचा विजेचा प्लग काढायचा, आणि नळी पाण्याने पूर्ण भरल्यावरच बॉयलरच्या कॉकला जोडायची, नाहीतर नळीतली हवा आपणच आत ढकलतो. पाणी भरणं इथे भाडेकरूचंच काम समजतात.

नवी_स्लाववाली
शॉवरला धार बारीक येते, काटा मात्र 1.4. अजून भरू का?

थेम्सकाठचा
नको! काटा रेडिएटरमध्ये फिरणाऱ्या बंद पाण्याचा. शॉवरचं पाणी थेट मेनमधून येतं, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. शॉवरची जाळी क्षाराने भरलीय का बघा, आणि मेन कॉक पूर्ण उघडा आहे का तेही.

कोथरूडकर
आमच्याकडे नेमकं शॉवरच्याच पाण्याचं दुखणं. गॅस गीझरमध्ये पाण्याच्या जोरानेच गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर, म्हणजे उणापुरा 0.3 बार. नुसती टकटक व्हायची, पेटायचा नाही. इनलेटची जाळी काढली, वाळू निघाली, पेटायला लागला. गीझर बाथरूममध्ये नाही, हवेशीर बाल्कनीत आहे. बंद बाथरूममधल्या गीझरने माणसं दगावली आहेत, तेवढं पाहाच.

क्लाइडकाठी
वहिनी, आमची भिंत कोरडी, तरी काटा उतरायचा. झोपताना प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हभोवती टिश्यू गुंडाळला. सकाळी मागच्या खोलीतला ओला. नट पाव फेरा आवळला, थांबलं. तिथेही काही सापडलं नसतं तर बॉयलरखालचे, रेडिएटरकडे जाणाऱ्या-येणाऱ्या पाइपांवरचे दोन्ही कॉक रात्रभर बंद ठेवणार होतो. तरी काटा उतरला तर दोष बॉयलरमध्ये, नाही उतरला तर पाइपांत.

नर्मदा_लीड्स
लीक सीलर, म्हणजे गळती बुजवणारं द्रव, कुणी वापरलंय?

क्लाइडकाठी
शेजाऱ्यांनी. रेडिएटरमधून आत घालतात. फरशीखालच्या बारीक झिरपण्यावर चाललं. वहिनींच्या फाटक्या पडद्याला त्याचा काही उपयोग नाही.