लाल पेशी नुसती भरून फुटत नाही

मलेरियाचे परजीवी वाढत जातात, रक्तातल्या लाल पेशीत मावेनासे होतात आणि ती फुटते, असं एकांनी लिहिलंय. इतकं सरळ नाहीये ते. फाल्सिपेरम या मलेरिया परजीवीच्या जातीचं पेशीतलं चक्र साधारण ४८ तासांचं. शेवटी एकेका पेशीत १६ ते ३२ मेरोझॉइट, म्हणजे नवे परजीवी, तयार होतात. पण बाहेर कधी पडायचं, हे परजीवीच ठरवतो. पीकेजी हे एन्झाइम जागं झालं की सब१ नावाचं दुसरं एन्झाइम परजीवीभोवतीच्या पोकळीत सोडलं जातं. आधी पोकळीचं आवरण फाटतं, मग काही मिनिटांनी पेशीचं. मधल्या वेळात सेरा६ हे आणखी एक एन्झाइम पेशीच्या आतल्या, तिला आधार देणाऱ्या स्पेक्ट्रिन प्रथिनाच्या जाळीवर कात्री चालवतं. मायक्रोस्कोपखालच्या चित्रफितीत शेवटचा क्षण बघाच: पेशीच्या आवरणाला भोक पडतं, त्याच्या कडा बाहेरच्या अंगाला गुंडाळत जातात आणि मेरोझॉइट चहूकडे उधळतात.

मला मात्र त्याआधीची कारवाई जास्त बेरकी वाटते. पेशीच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे उगवतात, त्यांवर पीएफईएमपी१ हे चिकट प्रथिन. त्यामुळे पेशी केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते आणि प्लीहेच्या गाळणीत जातच नाही. अँटिबॉडी तयार होईपर्यंत परजीवी या प्रथिनाचा प्रकारच बदलतो. त्यासाठी त्याच्याकडे सुमारे ६० जनुकं आहेत. अशा पेशी मेंदूत अडकल्या तर सेरेब्रल मलेरिया. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या थेंबात) बहुधा रिंगाच, म्हणजे परजीवीच्या कोवळ्या अवस्थाच दिसतात, त्याचंही कारण हेच: वाढलेले परजीवी भिंतींना चिकटून बसलेले असतात. म्हणून फाल्सिपेरममध्ये ‘परजीवींचा काउंट कमी आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका.