ट्रिलियम जुलैत पिवळं पडून आडवं झालं, मेलं का?

सावलीतला वाफा:
घरामागे दोन मोठे मेपल आहेत, त्यांच्याखाली गवतसुद्धा धड येत नाही म्हणून मागच्याच्या मागच्या शरदात तिथे पांढऱ्या ट्रिलियमचे (वसंतात फुलणारं तीन पानांचं रानफूल) पाच कंद लावले. पहिल्या वसंतात पाचही वर आले, दोघांना फुलं आली, पांढऱ्या पाकळ्या हळूहळू गुलाबी होत गेल्या ते मी रोज जाऊन बघायचे. यंदा एकच फूल, बाकी नुसती तीन-तीन पानं, आणि आता सगळंच पिवळं पडलंय. पाणी रोज घालतेय तरी! उकरून बघू का? खूप जीव लागलाय हो त्या रोपांवर.

मेपलवाला:
अजिबात उकरू नका!! मेलं नाहीये, झोपलंय. हे पूर्व अमेरिका-कॅनडातल्या पानगळीच्या जंगलातलं झाड, वर मेपल, बीच अशा मोठ्या झाडांना पालवी फुटायच्या आधी जमिनीपर्यंत ऊन येतं तेवढ्या थोड्या आठवड्यांत बरीचशी कमाई करून घेतं आणि उन्हाळ्यात पानं टाकून कंदात जाऊन बसतं. रोज पाणी मात्र बंद करा, कंद कुजेल. मेपलची मुळं वरवरच असतात, पाणी आधी तीच ओढतात, म्हणून माती खालपर्यंत सुकली की एकदाच खोलवर मुरेल असं द्या. शरदात पडलेली पानं चुरून दोन इंच पसरा, अख्खी टाकलीत तर ओली होऊन एकमेकांना चिकटतात आणि कोंब अडतो.

मुंग्यांची माळीण:
फुलाची घाई नको. बियांपासून लावलं तर फुलायला सात वर्षं किंवा जास्तच लागतात. मी पेरलं तेव्हा पहिल्या वसंतात जमिनीवर काहीच नव्हतं, दुसरा हिवाळा गेल्यावर नखाएवढं एकच पान आलं, तीन पानं तर त्यानंतर कितीतरी उशिरा. बीला एक तेलकट गर असतो, त्यासाठी मुंग्या ते वारुळात ओढून नेतात, गर खातात नि बी तिथेच टाकतात, असं ते जंगलात पसरतं.
एक विचारू का, फूल तोडलं होतंत का? आणि कंद आणलेत कुठून? नुसतं ‘नर्सरीत वाढवलेलं’ म्हणाले तर जंगलातून उपटून कुंडीत ठेवलेलं असू शकतं, ‘बियांपासून तयार केलेलं’ असंच विचारून घ्या.

सावलीतला वाफा:
तोडलं होतं 😔 पहिल्या वर्षी एक फूल तिन्ही पानांसकट ग्लासात ठेवलं होतं. तेच रोप यंदा अगदी बारकं आलं, आत्ता लक्षात येतंय.

मुंग्यांची माळीण:
तेच कारण. त्या रोपाला त्या तीन पानांशिवाय वर दुसरी पानंच नसतात, ती गेली की कंद वर्षभर उपाशी राहतो. दोन-तीन वर्षं हात लावू नका, सावरेल. हरणं येत असतील तर वसंतात जाळी लावा, ती फुलासकट सगळं वरून खुडून नेतात.

सावलीतला वाफा:
पाणी थांबवलं. पाचही जागी काड्या रोवल्यात, नाहीतर शरदात दुसरं काही लावताना मीच कंदावर फावडं मारायचे.