‘प्रॉक्टॉलॉजी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
तालुक्याच्या गावातल्या एका रुग्णालयाच्या पाट्या मराठीत करून देतोय. अस्थिरोग, नेत्ररोग, त्वचारोग झाले, ‘प्रॉक्टॉलॉजी’पाशी अडलो. तिथले डॉक्टर म्हणतात, ‘मूळव्याध विभाग’ लिहा, लोकांना तेवढंच कळतं. मला ते अपुरं वाटतं. ‘गुदरोग’ सुचवलं तर स्वागतकक्षातल्या ताई म्हणाल्या, बायका त्या दाराकडे फिरकणारही नाहीत. या शाखेत नेमकं काय काय येतं आणि शब्द कोणता घ्यावा?

उत्तर:
मी जनरल सर्जन आहे आणि माझ्या ओपीडीत हेच रुग्ण जास्त असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘प्रोक्तॉस’ म्हणजे ग्रीकमध्ये गुदद्वार. त्यावरून शाखेचं नाव पडलं, पण काम तिथेच संपत नाही. गुदद्वारापासून आत तीन-चार सेंटिमीटरची गुदनलिका, तिच्यावर साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचा गुदाशय आणि मग मोठं आतडं. अमेरिकेत १८९९ साली या डॉक्टरांची संघटना निघाली तेव्हा तिच्या नावात ‘प्रॉक्टॉलॉजिक’ होतं. १९७३ साली ते काढून ‘कोलन अँड रेक्टल सर्जन्स’, म्हणजे मोठ्या आतड्याचे आणि गुदाशयाचे सर्जन, असं केलं. आपल्याकडे यातलं बरंचसं काम जनरल सर्जनच करतात. काही जण पुढे खास प्रशिक्षण घेतात आणि मग पाटीवर ‘प्रॉक्टॉलॉजिस्ट’ किंवा ‘कोलोरेक्टल सर्जन’ लिहितात.

‘मूळव्याध विभाग’ला मात्र माझा ठाम विरोध. आपल्या बोलण्यात मूळव्याध हा शब्द इतका पसरलाय की त्या जागी काहीही झालं तरी तेच नाव. दहा जण ‘मूळव्याध झालीय’ म्हणत येतात आणि तपासल्यावर आजार वेगवेगळे निघतात. खरी मूळव्याध म्हणजे गुदनलिकेतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगून खाली सरकणं. शौचाच्या वेळी लालभडक रक्त थेंबथेंब गळतं, कधी चिळकांडी उडते, पण बहुधा दुखत नाही. नलिकेच्या वरच्या भागात वेदना कळवणाऱ्या नसाच नाहीत, म्हणून. पुढे कोंब बाहेर येतात, त्याला लोक मोड म्हणतात.

फिशर म्हणजे कडेच्या नाजूक त्वचेला पडलेली चीर. रक्त जेमतेम बोटाला लागेल इतकं, पण शौचाला काच कापत गेल्यासारखं वाटतं आणि पुढे दोन-दोन तास माणसाला बसवत नाही. मी पहिला प्रश्न हाच विचारते: ‘दुखतं का, आणि किती वेळ?’ उत्तर ऐकलं की निम्मं निदान होतं.

भगंदराची चाल निराळीच. गुदद्वाराशेजारी गळू येतं, फुटतं, पू जातो, बरं वाटतं, महिन्या-दोन महिन्यांनी तिथेच पुन्हा. आत नलिकेपर्यंत बोगदा तयार झालेला असतो. सुश्रुतसंहितेत याचं फार नेमकं वर्णन आहे: पिकली नसेल तोवर पिडका, म्हणजे पुळी, पिकून फुटली की भगंदर. शब्दाची फोडही तिथेच दिलीय, भग (जननेंद्रिय), गुद आणि बस्ती (मूत्राशय) यांच्या भागाचं दारण करतं, म्हणजे फाडतं, ते भगंदर. आठ महागदांच्या, म्हणजे मोठ्या दुर्धर आजारांच्या, यादीत अर्श (मूळव्याध) आणि भगंदर वेगवेगळे मोजलेत. जुन्या वैद्यांनी वेगळं ठेवलेलं आपण बोलताना एकात कालवलं, याचं मला वाईट वाटतं, कारण त्यापायी रुग्ण चुकीचं मलम लावत वर्षं काढतो.

जुन्या पद्धतीचं क्षारसूत्रही अजून वापरात आहे. दोऱ्याला निवडुंगासारख्या दिसणाऱ्या स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थर देतात. तो भगंदराच्या मार्गात ओवून दर आठवड्याला बदलतात. मार्ग हळूहळू कापला जातो आणि मागून भरत येतो. हे प्रशिक्षित वैद्यानेच करायचं, ‘बिनऑपरेशन, एका टोचणीत’ अशी पत्रकं वाटणाऱ्याने नव्हे.

आणखी एक प्रतिसाद:
आमच्या आजीच्या तोंडी ‘आमण’ हा शब्द होता. लहान मूल कुंथलं की ‘आमण बाहेर आलं’ म्हणायची. हे याच शाखेतलं का?

उत्तर:
हो. गुदाशय उलटून बाहेर येणं, म्हणजे गुदभ्रंश. छान शब्द आहे, जपायला हवा. याच्याजवळच एक घोटाळा होतो. बायका ‘अंग बाहेर येतं’ म्हणतात तेव्हा बहुधा गर्भाशयाबद्दल बोलत असतात, पण काही जणी गुदाशयालाही तेच म्हणतात. केसपेपरवर नुसतं ‘अंग बाहेर’ लिहिलं असेल तर कोणत्या वाटेने ते विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

पुन्हा प्रश्नकर्ता:
मग पाटीवर काय लिहू?

उत्तर:
मोठ्या अक्षरांत ‘गुदविकार विभाग’. खाली लहान अक्षरांत ‘शौचाच्या जागेचे आजार: मूळव्याध, फिशर, भगंदर, शौचावाटे रक्त’. शेवटचे दोन शब्द गाळू नका. गुदाशयाच्या कर्करोगातही शौचावाटे रक्त जातं आणि लोक ते मूळव्याध समजून अंगावर काढतात. चाळिशीनंतर पहिल्यांदा रक्त दिसलं, शौचाची सवय बदलली, वजन उतरलं तर तपासणी हवीच, आणि लागली तर दुर्बिणीने, म्हणजे कोलोनोस्कोपीने.

‘शौचाच्या जागेचे’ हे मी मुद्दाम घेतलं. ओपीडीत बायका ‘त्या जागी’, ‘संडासच्या जागी दुखतं’ असंच सांगतात, त्यांना ही ओळ आपली वाटेल. स्त्री डॉक्टर असतील तर त्यांचे वारही तिथेच लिहा. ताईंनी मांडलेली अडचण खरी आहे आणि ती शब्द झाकून सुटणार नाही, दाराआड बाई डॉक्टर आहे हे कळलं तर बरीचशी सुटेल.

आणि ‘रोग’ऐवजी ‘विकार’ का, तर लांबून ‘गुदरोग’ हा ‘गुप्तरोग’ वाचला जातो. त्या पाट्या एसटी स्टँडच्या भिंतीवर सगळ्यांनी पाहिलेल्या असतात.