मदत हवी आहे: चिकू नीट पळाली, तरी जजनी बाद केलं

सायली_वारजे (रविवार, रात्री १०:४०)
लवकर उत्तर हवं आहे, पुढची स्पर्धा बारा दिवसांवर आली आहे. आज सकाळी आमच्या कुत्रीची, चिकूची, अ‍ॅजिलिटीची (कुत्र्यांच्या अडथळा शर्यतीची) पहिलीच स्पर्धा होती. आठ महिने आम्ही रोज पहाटे साडेपाचला उठून सराव केलाय. एकही बार पडला नाही, सी-सॉची फळी जमिनीला टेकेपर्यंत ती थांबली, टनेलमधून सुसाट बाहेर आली. आणि निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे 'ई'. बाद! जजनी मध्येच दोन्ही हात वर करून क्रॉस केले म्हणे. मला दिसलेही नाहीत, नवऱ्याने नंतर सांगितलं. आयोजकांना विचारलं तर 'जजचा निर्णय अंतिम' एवढंच उत्तर. याविरुद्ध दाद कुठे मागायची? लेखी अर्ज कोणाला द्यायचा? नक्की माहिती असेल त्यांनीच सांगा, प्लीज.

तेजस_पाषाण (रविवार, रात्री १०:५८)
कुठल्या अडथळ्यावर झालं? स्पर्धा एफसीआयच्या (आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या) नियमांनी होती की आयोजकांच्या स्वतःच्या? रिफ्युजल, म्हणजे कुत्रा अडथळ्यापाशी अडला किंवा बाजूने गेला, असं किती वेळा झालं? चिकूचं वय काय, उंची काय? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

हेमाकाकू (रविवार, रात्री ११:१५)
सायली, सकाळी तिला पोटभर खायला दिलं नव्हतंस ना गं? पळण्याआधी तीन-चार तास पोट भरलेलं नको. मोठ्या छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडतो, जिवावर बेततं. आमच्या लॅब्रॅडॉरच्या वेळी डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. ताक-भात थोडासा चालतो.

सायली_वारजे (रविवार, रात्री ११:२२)
काकू, खाण्याचा काही प्रश्न नाहीये, ती उपाशीपोटीच पळाली.
तेजस, फॉर्मवर एफसीआय लिहिलं होतं. चिकू देशी आहे, दोन वर्षांची. उंची ४६ सेंमी. उंचीचा इथे काय संबंध? रिफ्युजल एकच असावं. जजनी एकदा मूठ वर केली आणि एकदा उघडा हात. मी सगळं अमेरिकन व्हिडिओ बघून शिकले आहे, त्यामुळे या खुणांचा मला काही बोध झाला नाही.

तेजस_पाषाण (रविवार, रात्री ११:४१)
तिथेच गोंधळ आहे. अमेरिकेतल्या खुणा वेगळ्या असतात. आपल्याकडे उघडा हात म्हणजे फॉल्ट (चूक), मूठ म्हणजे रिफ्युजल. दोन्हीला पाच-पाच दंडगुण. तीन रिफ्युजल झाली की बाद. हात क्रॉस केले की सरळ बाद, मग पुढचं कितीही सुंदर पळा.
उंची विचारली, कारण एफसीआयमध्ये आता चार गट आहेत: ३५ सेंमीच्या आत स्मॉल, ४३ च्या आत मीडियम, ४८ च्या आत इंटरमीडिएट आणि ४८ पासून पुढे लार्ज. तुमची चिकू इंटरमीडिएटमध्ये येते. कोणी चुकून दुसऱ्या गटात उतरवली असेल तर आधी ते निस्तरावं लागेल.

मकरंद_डी (सोमवार, सकाळी ७:०५)
मला वाटतं तुमच्या हातात खेळणं किंवा खाऊ असणार. रिंगमध्ये हातात काहीही धरलं की बाद. बरेच जण खिशातला खाऊ काढून हातात घेतात आणि त्यांच्या लक्षातही येत नाही.

सायली_वारजे (सोमवार, सकाळी ७:३०)
हात रिकामे होते. गट बरोबर होता. कृपया अंदाज नकोत, तक्रार कुठे करायची ते सांगा.

सुभेदार_खडकी (सोमवार, सकाळी ८:१२)
मी सैन्याच्या प्राणी विभागात, रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये होतो, मेरठला कुत्र्यांचं प्रशिक्षण बघितलं आहे. हा खेळ मुळात घोड्यांच्या शो जंपिंगवरून उचललेला आहे. १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या शोमध्ये दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांसाठी काहीतरी हवं होतं. शोच्या समितीतले जॉन व्हार्ली यांनी ते काम प्रशिक्षक पीटर मीनवेल यांच्याकडे सोपवलं आणि त्यांनी घोड्यांचे अडथळे बघून कुत्र्यांसाठी कोर्स बसवला. लोकांना इतका आवडला की १९८० मध्ये तिथल्या केनेल क्लबने त्याला अधिकृत मान्यता दिली. घोड्यांच्या रिंगमध्ये आम्ही कधी जजशी वाद घातला नाही. सॅल्यूट करून बाहेर यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सराव. आपले मुधोळ हाउंड या खेळात उतरवायला हवेत, असं मला फार वाटतं.

मकरंद_डी (सोमवार, सकाळी ९:४०)
सुभेदार साहेब, मुधोळ सरळ रेषेत तुफान पळतो, पण अ‍ॅजिलिटीत आखूड वळणं घ्यावी लागतात. त्यापेक्षा देशी कुत्री बरी, वळायलाही चपळ आणि डोक्यानेही.

सुभेदार_खडकी (सोमवार, सकाळी १०:०२)
वळण शिकवता येतं. मुधोळला कोणी मनापासून शिकवलंच नाही, हे खरं दुखणं आहे.

रेवती_सहकारनगर (सोमवार, सकाळी ११:२०)
मी दोन-तीन स्पर्धांत स्क्राइबचं काम केलं आहे. जजच्या खुणा बघून कागदावर लिहिणारा तो स्क्राइब. सायली, तक्रारीचं सांगते: एफसीआयमध्ये जजचा निर्णय खरोखरच अंतिम असतो. व्हिडिओ दाखवून निकाल बदलून मिळत नाही. पण त्या गटातले सगळे कुत्रे पळून झाल्यावर, जज मोकळे झाल्यावर, नम्रपणे कारण विचारता येतं. बहुतेक जज आनंदाने सांगतात. कोर्स त्यांनीच काढलेला असतो, त्यामुळे कुठे काय झालं ते त्यांच्या लक्षात असतं. ती वेळ आता निघून गेली. तुमच्याकडे व्हिडिओ आहे का? आणि उघडा हात नेमका कुठे वर गेला?

सायली_वारजे (सोमवार, दुपारी १:०५)
व्हिडिओ आहे, नवऱ्याने काढलाय. मूठ पहिल्या जंपपाशी, ती बाजूने गेली म्हणून. तिथून मी तिला परत आणलं. उघडा हात वीव्ह पोल्सवर, म्हणजे ज्या बारा खांबांमधून नागमोडी जायचं असतं तिथे. शेवटचे दोन खांब तिने सोडले, म्हणजे दहाव्यानंतर बाहेर आली आणि समोरची जंप मारली. त्याचे पाच गुण कापलेच की त्यांनी! मग वर बाद कशाला? पाच आणि पाच दहा, आणि कोर्स टाइम, म्हणजे ठरवून दिलेला वेळ, ४२ सेकंद होता, आम्हाला ४७.३० लागले, म्हणजे आणखी ५.३०. एकूण १५.३०. हे मी घरी येऊन मांडलंय.

रेवती_सहकारनगर (सोमवार, दुपारी १:२४)
अगं, मग हेच तर! हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं.
खांब सोडला की फॉल्ट. पण तो दुरुस्त करावा लागतो. चुकली त्या जागी परत घालायची, नाहीतर पहिल्या खांबापासून नव्याने सुरुवात. ते न करता पुढच्या अडथळ्यावर गेलात की वीव्ह पूर्ण झालेच नाहीत आणि कुत्रा बाद. व्हिडिओत बघ, चिकू जंपवरून गेली त्याच क्षणी हात क्रॉस झाले असणार. तुझं टाइमचं गणित बरोबर आहे, पण बाद झाल्यावर त्याला अर्थ उरत नाही.

सायली_वारजे (सोमवार, दुपारी २:१०)
बघितलं. तिने जंप मारली आणि हात क्रॉस झाले. अगदी तिथेच.
मला कोणीच सांगितलं नव्हतं की परत आणायचं असतं. जंपवर आणायचं हे माहीत होतं, खांबांवर नाही. आठ महिन्यांत एकदाही नाही. दुपारपासून डोळ्यांत पाणी येतंय, कारण चूक तिची नव्हतीच, मी तिला पुढे नेलं.

हेमाकाकू (सोमवार, दुपारी २:३५)
रडू नकोस गं. तिला काही कळलेलं नाही. तिच्या दृष्टीने ती तुझ्याबरोबर पळाली. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना मात्र काढून ठेव, आणि रेबीजची लस वेळेवर.

केदार_बाणेर (सोमवार, दुपारी ४:००)
दोन-दोन खांबांच्या पद्धतीने पुन्हा पहिल्यापासून शिकवा. आधी दोनच खांब, मग चार, मग सहा. कुत्रा स्वतः आत शिरायची जागा शोधतो, ते डोक्यात पक्कं बसतं. मी तीन कुत्री अशीच तयार केली. बारा दिवसांत सहज होईल.

मकरंद_डी (सोमवार, दुपारी ४:२०)
बारा दिवसांत पाया बदलायला सांगू नका. जी येते आहे ती सवयही मोडेल. चॅनल लावा: खांबांच्या दोन रांगा, मधे गल्ली, कुत्रा सरळ पळतो, मग रोज गल्ली थोडी अरुंद करायची. शेवटी दोन्ही रांगा एक होतात.

केदार_बाणेर (सोमवार, दुपारी ४:३३)
चॅनलचे कुत्रे पळतात भरपूर, पण कोनातून आत शिरताना हमखास चुकतात. स्पर्धेत समोरून सरळ कोणी आत सोडत नाही.

मकरंद_डी (सोमवार, दुपारी ४:४१)
माझी कुत्री दोन्ही बाजूंनी शिरते. कधीही येऊन बघा.

तेजस_पाषाण (सोमवार, संध्याकाळी ६:१५)
दोघंही थांबा. चिकू आत नीट शिरते आहे, बाहेर लवकर येते आहे. दुखणं शेवटाला आहे. सायली, सरावाला किती खांब लावता? आणि अंतर?

सायली_वारजे (सोमवार, संध्याकाळी ६:५०)
अंतर ६० सेंमी, टेपने मोजून. खांब दहा. बारा होते, दोन वाकले म्हणून काढून टाकले. सोसायटीच्या हिरवळीवर तेवढीच जागा आहे.

तेजस_पाषाण (सोमवार, संध्याकाळी ६:५४)
दहा! ती दहा नीट करून आली. तुम्ही शिकवलं तेच तिने केलं.

रेवती_सहकारनगर (सोमवार, संध्याकाळी ७:१०)
आणि एक. व्हिडिओत तू कुठे आहेस ते बघ. नववा-दहावा खांब आला की हँडलर, म्हणजे कुत्र्याला पळवणारा, पुढच्या जंपकडे वळतो, खांदा फिरतो, कुत्रा खांद्यामागे येतो. बाराव्या खांबाच्या पुढे जाईपर्यंत छाती समोर ठेव, डोकंही फिरवू नकोस. बोहरी आळीतून एक इंची पीव्हीसीचे दोन पाइप आण, कमीत कमी मीटरभर उंच. बारा खांबांना साधारण सात मीटर जागा लागते, हिरवळीत तिरके लावलेस तरी बसतील. दव असेल तेव्हा नको, घसरून खांदा जायबंदी होतो. या महिन्यात सूर्य वर आल्यावरच लाव.

सायली_वारजे (गुरुवार, सकाळी ९:०५)
बारा खांब लागले, तिरके. पहिल्या दोन वेळा ती दहावरच बाहेर आली. प्रत्येक वेळी मी थांबले, तिला पहिल्या खांबापासून घातलं. पाचव्या वेळी अकरा, बारा आणि मग जंप. एवढा आनंद मला रिबिनीनेही झाला नसता. तक्रारीचा विषय सोडलाय.
एक शंका राहिली. त्या दिवशी डावीकडून सुरू केलं होतं, पुढच्या कोर्सवर मी खांबांच्या उजव्या बाजूने पळाले तर तिच्या शिरण्याची बाजू बदलते का?

रेवती_सहकारनगर (गुरुवार, सकाळी ९:२०)
नाही. तू कुठेही पळ, पहिला खांब कायम तिच्या डाव्या खांद्याला. तुझी बाजू बदलून रोज दोन-दोन वेळा करून घे.

सुभेदार_खडकी (गुरुवार, सकाळी ९:४८)
शाबास. मुधोळचं मी पुन्हा सांगतो, कोणाला पिल्लू हवं असेल तर खात्रीशीर पैदास बघून घ्या. त्यावर नवा धागा काढतो.