मदत हवी आहे: जॅम-मधाच्या रिकाम्या बरण्यांत टोमॅटो प्युरी टिकवणं आणि भाज्या आंबवणं

नमस्कार मंडळी,

जॅम, मध, मेयोनीज, कॉफी असं करत करत घरात काचेच्या रिकाम्या बरण्यांचा बराच साठा झालाय. भंगारवाले काका काच घ्यायला फारसे राजी नसतात आणि एवढी चांगली काच कचऱ्यात टाकायला जीव होत नाही. डाळी, मसाले, सुका मेवा यांना त्या वापरतेच. पण आता दोन कामं डोक्यात आहेत आणि दोन्हींत गडबड झाली तर थेट घरच्यांच्या पोटाशी गाठ आहे, म्हणून आधी विचारते.

एक म्हणजे टोमॅटो प्युरी. मंडईत टोमॅटो उतरला की भरपूर आणायचा, शिजवून गाळायचा, बरण्यांत भरायचा आणि भरलेल्या बरण्या उकळत्या पाण्यात ठेवून हवाबंद करायच्या, म्हणजे फ्रीजबाहेर टिकतील. दुसरं म्हणजे गाजर, मुळा, फ्लॉवर मिठाच्या पाण्यात आंबवून ठेवणं.

खरी शंका झाकणाची आहे. जॅमच्या बरणीचं पत्र्याचं झाकण उलटं करून पाहिलंत तर आतल्या कडेला रबरासारखी मऊ पट्टी दिसते. माझ्याकडच्या प्रत्येक झाकणाच्या पट्टीवर बरणीच्या काठाची गोल खाच उमटली आहे, काहींवर तर नखाला जाणवेल इतकी खोल. तीच खाच पुन्हा त्याच काठावर नीट बसेल का? शिवाय लोणच्याच्या बरणीचं झाकण कितीही धुतलं, उन्हात ठेवलं तरी वास जात नाही. बरणीचा वास गेला, झाकणाचा राहिला.

टोमॅटोबद्दल एवढं ठाऊक आहे की पदार्थाचा सामू (pH, तो जितका जास्त तितका आंबटपणा कमी) ४.६ च्या वर गेला की हवाबंद बरणीत बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढू शकतात, आणि टोमॅटो नेमका त्या सीमेवर असतो. मग लिंबूसत्व किती घालायचं? बरण्या किती वेळ उकळायच्या? आणि घरच्या कुकरमध्ये शिट्ट्या देऊन हेच काम होईल का? कोथरूड, कर्वेनगर भागात झाकणं सुटी मिळत असतील तर तेही सांगा.

प्रतिसाद

ताई, झाकणाची शंका अगदी बरोबर आहे. ती पट्टी कारखान्यात वाफेने मऊ होते, काठावर दाबली जाते आणि थंड होताना त्याच आकारात बसते. दुसऱ्यांदा ती तशी बसेलच याची खात्री नाही. कधी बसते, कधी केसाएवढी फट राहते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. झाकणाच्या मध्यावर जो फुगवटा असतो तो थंड झाल्यावर आत ओढला गेला नाही, तर बरणी हवाबंद झालेली नाही असं समजा आणि फ्रीजमध्ये टाका. आत ओढला गेला तरी जुन्या झाकणावर महिनोन्‌महिने विसंबू नका.

काचेचंही पाहा. या बरण्या कारखान्यात एकदा भरण्यासाठी केलेल्या असतात. घरी चमच्याने खरवडून आत बारीक ओरखडे पडतात आणि तापमान एकदम बदललं की तिथूनच तडकतात. उकळायच्याच असतील तर पातेल्याच्या तळाशी फडकं घाला, कोमट पाण्यापासून सुरुवात करा आणि काढल्यावर ओट्याच्या गार दगडावर ठेवू नका, लाकडी पाटावर ठेवा.

टोमॅटोसाठी मात्र माझं ठाम मत आहे की बाहेर टिकवायचा असेल तर घरी बरण्या हवाबंद करण्यासाठीच बनवलेल्या, दोन भागांच्या झाकणाच्या बरण्या घ्या. त्यातली वरची चकती दरवेळी नवी लागते, कडं पुन्हा चालतं. लिंबूसत्व अर्ध्या लिटरच्या बरणीला पाव टीस्पून, एक लिटरला अर्धा. टोमॅटो चवीला कितीही आंबट लागला तरी हे वगळायचं नाही. पाणी झाकणाच्या वर दोन-तीन सेंटिमीटर हवं. अर्ध्या लिटरच्या बरणीला समुद्रसपाटीवर ३५ मिनिटं पुरतात, पण पुणं सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, पाणी १०० अंशांच्या जरा आधीच उकळतं, म्हणून आपल्याला ४० मिनिटं लागतात. वेळ पाणी खळखळून उकळायला लागल्यापासून मोजा.

कुकरचा विचार सोडून द्या. बोट्युलिझमचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, त्यांना साधारण १२१ अंश लागतात, हे खरं. पण आपला कुकर पटकन तापतो आणि पटकन निवतो. बरणीच्या मध्यभागी तेवढी उष्णता तेवढा वेळ पोचली की नाही, हे शिट्ट्यांवरून कळत नाही. त्यामुळे मटार, मका, शेंगा, भाजीची ग्रेव्ही असलं काही घरी बरणीबंद करून बाहेर ठेवूच नका. तेलात बुडवलेली लसूणही नाही. तेलाखाली हवा नसते आणि लसणीत आंबटपणा नसतो.

प्रतिसाद

आंबवायला तुमच्या जुन्या बरण्या खुशाल वापरा. तिथे हवाबंद करायचंच नाही, उलट आतला वायू बाहेर पडायला हवा. घट्ट झाकण लावून विसरलात तर दाबाने काच फुटू शकते. पत्र्याचं झाकण टाळा, मीठ आणि आंबट पाणी लागून ते गंजतं. आजी लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायची तसाच स्वच्छ सुती दादरा बांधा, किंवा प्लास्टिकचं झाकण सैल ठेवा.

मीठ वजनावर घ्या, चमच्यावर नको. बरणी काट्यावर ठेवून शून्य करा, भाजी आणि पाणी दोन्ही भरा आणि त्या एकूण वजनाच्या दोन ते अडीच टक्के मीठ घाला, म्हणजे किलोला २० ते २५ ग्रॅम. भाजी पाण्याखाली राहिली पाहिजे, वर आलेल्या तुकड्यालाच बुरशी धरते. छोट्या काचेच्या वाटीने दाबून ठेवा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात हे फार झपाट्याने आंबतं आणि भाजी मऊ पडते. गाजराला डिसेंबर-जानेवारीच बरा, गाजरंही तेव्हाच चांगली येतात. पाणी गढूळ झालं तर घाबरू नका. रंगीत, केसाळ बुरशी दिसली तर मात्र वरचं काढून खाली खाऊ नका, सगळं टाका.

प्रतिसाद

सुट्या झाकणांसाठी रविवार पेठेत बोहरी आळीत विचारा, बाटल्या-डब्यांची दुकानं आहेत. बरणी सोबत न्या. जॅमच्या बरण्यांना बहुतेक ५३, ६३ किंवा ७० मिलिमीटरची झाकणं असतात, पण अंदाजाने घेतलेलं झाकण बसत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. असं ठरवते आहे: जुन्या बरण्या आंबवायला आणि फ्रीजमधल्या मुरांब्याला, साखरांब्याला. वासाची झाकणं सगळी बाद. थोडी प्युरी सरळ तोंडाच्या बरण्यांत वर दोन बोटं जागा सोडून फ्रीझरमध्ये जाईल, खांदे असलेल्या बरण्या गोठताना तडकतात असं बहिणीने बजावलंय. बाहेर ठेवायच्या प्युरीसाठी दोन भागांच्या झाकणाच्या बरण्या घ्यायच्या आहेत. ऑनलाइन दिसतात, पण काठ हातात घेऊन, बोट फिरवून बघितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. पुण्यात दुकानात प्रत्यक्ष पाहिल्या आहेत का कुणी? आणि नुसत्या चकत्या वेगळ्या मिळतात का?